खिचडी उशिरा आली तर

शहरातल्या अंगणवाडीत खिचडी उशिरा येणं ही काही बातमी नाही. बचत गटाची रिक्षा कधी खोदलेल्या रस्त्यात अडकते, कधी गटाच्या बाईंचा गॅस संपलेला असतो, कधी त्यांच्याच घरी लेकरू तापलेलं असतं. अकराचा डबा बाराला येतो. तोवर मुलं गाणी म्हणतात, भांडतात, पुन्हा गाणी म्हणतात. बहुतेक मुलांच्या दृष्टीनं हा उशीर म्हणजे थोडी जास्त कुरकुर. पण त्यांच्यातच एखादी अशी असते की तिच्यासाठी तो घाम, थरथर आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर बेशुद्धी ठरू शकतो. कारण तिनं सकाळी घरून निघायच्या आधी इन्सुलिन घेतलेलं असतं.

मराठवाड्यातल्या आमच्या शहरात, मुकुंदवाडीच्या पुढं, चिकलठाण्याच्या अंगाला असलेल्या एका वस्तीत मी अंगणवाडी सेविका होते. 65 पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे घरी बसले. भाड्याची खोली, वर पत्रे, एक खिडकी, कोपऱ्यात वजनकाटा आणि सामानाची पेटी, असा आमचा संसार. नोकरी लागली तेव्हाच्या प्रशिक्षणात सहा सेवा पाठ करून घेतल्या होत्या: पूरक आहार, शालापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण आणि आरोग्य शिक्षण. आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. या सहांमध्ये आजारी मूल होतं, नाही असं नाही. पण ते जुलाबाचं, तापाचं, नाहीतर तीव्र कुपोषित. म्हणजे आजारी पडणार, आपण चिठ्ठी देणार, दवाखान्यात जाणार, बरं होणार. जे मूल बरं होणारच नाही, तरी रोज नवा फ्रॉक घालून हसत येणार आणि ज्याचा आजार त्याच्या डब्यासारखाच रोज सोबत येणार, त्याच्यासाठी आमच्या रजिस्टरात रकाना नव्हता.

तिला इथं चिमी म्हणते. खरं नाव वेगळं. साडेतीन वर्षांची होती.

आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आधी हसतो. वस्तीत प्रत्येक दारापुढं निळे ड्रम. पाणी मोजून वापरायचं, भांडी घासल्याचं पाणी संडासात, असा हिशोब. अशा घरात एखादं पोर दिवसभर पाणी मागत सुटलं की ते आधी आईच्या डोळ्यात येतं. आजार म्हणून नाही, उधळपट्टी म्हणून. चिमीची आई माझ्याकडं तक्रार घेऊन आली ती अशीच. “ताई, ही पोरगी रात्रीतून चार-चारदा उठून पाणी पियाली. अन् अंथरुणात मुतायली. मोठी झाली आता, समजावून सांगा की तिला.” मी समजावलं नाही, काट्यावर उभं केलं. दोन महिन्यांत वजन खाली आलं होतं. खिचडी मात्र ती दोनदा मागून खात होती. खाणारं मूल उतरत चाललं की माझ्या पोटात गोळा येतो. बोलता बोलता तिची आई म्हणाली, मोरीत लई मुंग्या होऊ लागल्यात. मी तिला त्याच दिवशी घाटीच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं ‘हाय’ आलं. साखर मशीनच्या मोजण्यापलीकडं गेली की ते तसं दाखवतं.

चिमी अॅडमिट होती, सुटली, घरी आली. मग तिची आई पुन्हा आली, या वेळी दारातच उभी राहिली. “आता तिला घरीच ठेवते ताई. तुमच्या डोक्याला ताप नको.”

या कामात मी जे काही शिकले त्याचं मूळ त्या वाक्यात आहे. वर्षानुवर्षं चालणारा आजार असलेल्या मुलाला घरी बसवणं हा सगळ्यांच्या सोयीचा निर्णय असतो. सेविकेची जबाबदारी टळते, शाळेची टळते, नातेवाईक ‘बरं केलं’ म्हणतात. फक्त मूल घरात बसतं. पहिला प्रकार मधुमेह हा काही गोड खाऊन होणारा आजार नाही. शरीर स्वतःच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकतं आणि मग बाहेरून इन्सुलिन घेणं हाच उपाय, आयुष्यभर. आयुष्यभर चालणाऱ्या गोष्टीसाठी घरी बसवायचं तर कुठपर्यंत?

आमच्या शहराचं एक नशीब, इथं मधुमेही मुलांसाठी डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था आहे. मराठवाड्यातून लेकरं येतात. मुलांना आणि आईबापांना तिथं सुई कशी टोचायची, साखर कशी तपासायची, खाण्याचा मेळ कसा घालायचा ते शिकवतात. मी चिमीच्या आईला म्हटलं, तू तुझ्या वाटचं शीक, मी माझ्या वाटचं शिकते.

माझ्या वाटेला काय आलं ते सांगते. इंजेक्शन माझं काम नव्हतं. ते आई सकाळी घरी देई, आणि ते तसंच असायला हवं. इन्सुलिन सांभाळणंही तिचंच. घरात फ्रिज नव्हता. मे महिन्यात आमच्याकडं पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारू नका. तिनं मोठ्या मडक्यात वाळू भरली, आत छोटं मडकं बसवलं, वाळू ओली ठेवायची आणि आतल्या मडक्यात कोरड्या डबीत बाटली. ड्रममधल्या मोजक्या पाण्यातला एक तांब्या रोज त्या वाळूला. उघडलेली बाटली साधारण महिनाभर चालते, पण गार जागेत. ती बाई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. बाटली उघडल्याची तारीख मडक्याच्या गळ्यावर खडूनं लिहून ठेवायची.

माझं काम होतं लक्ष ठेवणं. ऐकायला सोपं वाटतं. साखर 70 च्या खाली गेली की मोठं माणूस म्हणतं, चक्कर येतेय, काहीतरी द्या. साडेतीन वर्षांचं मूल तसं म्हणत नाही. ते चिडतं, रडतं, खेळणं फेकतं, नाहीतर एकदम गप्प होऊन भिंतीला टेकतं. म्हणजे अंगणवाडीतलं कुठलंही मूल दिवसातून दोनदा जे करतं तेच. त्यातलं कुठलं चिडणं साखरेचं आणि कुठलं बाहुलीचं, हे ओळखायला मीटर लागतं किंवा सवय लागते. मीटर तिच्या पिशवीत होतंच, पण आधी शंका यायला हवी ना. चिमीची खूण अशी होती की ती फ्रॉकची कॉलर चावायला लागायची. पुस्तकात हे लिहिलेलं नसतं.

आणि ही खूण मी नाही पकडली. आमच्या मदतनीस मावशींनी पकडली. त्यांच्या बोटाला दुसरीही एक खूण कळायची. येता-जाता त्या चिमीच्या मानेला मागून हात लावायच्या. “ताई, मान ओली लागायली हिची,” म्हणायच्या, आणि पंख्याखाली बसलेल्या पोरीची मान ओली असेल तर पुढं काय करायचं ते आमचं ठरलेलं होतं. डॉक्टरांनी तिच्या वजनाला धरून सांगितलेली साखर पाण्यात कालवून पाजायची, पंधरा मिनिटं जवळ बसायचं, पुन्हा बघायचं, मग बिस्किट नाहीतर आलेली असेल तर खिचडी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर करायचं आणि रिक्षा. साखरेची बरणी खिडकीत, मुलांचा हात पोचणार नाही पण मावशींचा पोचेल अशी. खिचडीला उशीर होतोय असं दिसलं की गाणी सुरू करायच्या आधी चिमीच्या हातात राजगिऱ्याचा लाडू.

मावशींबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी प्रशिक्षणं इथंच फसतात. कुठलाही नवा विषय आला की बोलावणं सेविकेला येतं. पण सेविका अंगणवाडीत असते किती? महिन्याची मीटिंग, लसीकरणाचा दिवस, घरभेटी, सर्वेक्षण, निवडणुकीची यादी, पोषण ट्रॅकरमध्ये भरायची माहिती आणि ती चढत नाही म्हणून रेंज शोधत गल्लीच्या तोंडाशी उभं राहणं. त्या वेळेत मुलांजवळ कोण असतं? मावशी. फिट येते तेव्हा मावशी असतात, दम लागतो तेव्हा मावशी असतात. आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. ‘मदतनीस म्हणजे झाडू आणि भांडी’ अशी समजूत आमच्यातही आहे, खोटं कशाला बोलू. वरच्या पायरीचं माणूस खालच्याला सांगायचं विसरतं, आणि मूल नेमकं खालच्या पायरीवर बसलेलं असतं.

चॉकलेटचा प्रश्न मात्र मावशींनाही सुटेना. वाढदिवसाला आई-बाप गोळ्या-चॉकलेटची पिशवी आणतात. चिमीच्या आईनं पहिल्यांदा सांगितलं, तिला देऊ नका, बघू द्या नुसतं. नुसतं बघायला लावणं मला जमण्यातलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की खायला मनाई नाही, हिशोबात बसवून जेवणाबरोबर खाता येतं. मग चिमीचं चॉकलेट नाव घालून पिशवीत घरी जायचं. पण साडेतीन वर्षांच्या पोरीला ‘घरी गेल्यावर’ म्हणजे ‘नाही’ असंच ऐकू येतं. शेवटी मी पालकांच्या बैठकीत सांगितलं की वाढदिवसाला फुटाणे, शेंगदाणे, फुगा, काहीही आणा, सगळी पोरं एकच खातील. दोन-तीन आया नाराज झाल्या. एकजण म्हणाली, एकीच्या आजारापायी सगळ्यांच्या लेकरांनी का म्हणून फुटाणे खायचे? राग आला, पण प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, सगळ्यांच्या दातांसाठी खा. ते पटलं.

फिटचं प्रकरण वेगळं. तिथं आई सांगतच नाही. फेफरं, आकडी, मिरगी, झटके, नावं पुष्कळ आहेत आणि एकही नाव बाहेर काढायचं नसतं. मुलगी असेल तर लग्नाचं, मुलगा असेल तर ‘घराण्यात आहे’ म्हणतील याचं भय. एका मुलाला जवळच्या एका खाजगी शाळेनं नर्सरीतून काढलं, कारण त्याला वर्गात फिट आली आणि इतर पालक घाबरले. शाळेनं कागदावर कारण दिलं ते ‘वय कमी आहे’. तो आमच्याकडं आला तेव्हाही आई काही बोलली नाही. पंधरवड्यात त्याला खोलीत झटके आले आणि शेजारच्या दोघीजणी धावत आल्या त्या कांदा आणि चप्पल घेऊनच. मावशींनी दोन्ही दाराबाहेर ठेवायला लावलं. मुलाला कुशीवर केलं, डोक्याखाली ओढणीची घडी, तोंडात बोट नाही, चमचा नाही, पाणी नाही, हातपाय दाबून धरणं नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. त्याची अडीच मिनिटांच्या आसपास थांबली. त्यानंतर त्याची आई बोलायला लागली. गोळी रोजची आहे, लग्नाच्या गर्दीत दोन दिवस चुकली होती, एवढंच होतं. तापातली फिट आणि मिरगी यातला फरकही आम्ही मग आयांच्या बैठकीत सांगायला लागलो. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात येणारी फिट म्हणजे दर वेळी मिरगी नव्हे, पण डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

दम्याच्या मुलांना बालदमा हा शब्द मिळतो पण पंप मिळत नाही. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत इतकी घट्ट आहे की आया सिरप बदलत राहतात. मोठ्यांचा पंप लहान मुलाला तसाच ओढता येत नाही, मध्ये स्पेसर लागतो. तो विकत घेणं परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून काम भागतं. ही काही गावठी युक्ती नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी मुलांवर अभ्यास करून 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापलं होतं. आमच्याकडं डॉक्टरांनी एका आईला अशी बाटली करून दिली, तशीच दुसरी नाव लिहून आमच्या खिडकीत, साखरेच्या बरणीशेजारी. खोलीत आम्ही झाडू मारणं मुलं येण्याआधी उरकायला लागलो, मुलं असताना फक्त ओला फडका. उदबत्ती बंद केली. त्यावर वस्तीत चर्चा झाली, पण सरस्वतीनं तक्रार केली नाही.

एक मुलगी थॅलेसेमियाची होती. दर तीन आठवड्यांनी रक्त भरायला जायची. जायची वेळ जवळ आली की पिवळट पडायची, खेळातून बाजूला व्हायची. रक्त भरून आली की दोन दिवसांत धावायला लागायची. तिच्याबाबतीत धोका कुठून होता? आमच्याच पेटीतून. अॅनिमिया मुक्त भारत मोहिमेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध द्यायचं असतं, एक-एक मिली. चांगली योजना आहे, आमच्या मुलांच्या रक्ताची अवस्था मी बघितली आहे. पण ज्या मुलाला सारखं रक्त भरावं लागतं त्याच्या शरीरात लोह आधीच साचत असतं, ते काढायलाच वेगळी औषधं चालू असतात. त्याला हे औषध द्यायचं नसतं, योजनेच्या सूचनांतही तसं आहे. पण रकाना म्हणतो सगळ्यांना दिलं का, आणि सगळ्यांना दिलं की टक्केवारी सुंदर दिसते. तिच्या नावापुढं मी लाल पेनानं ‘देऊ नये’ लिहिलं, आणि बाटलीवरही तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवली, कारण मी रजेवर असले तर बाटली मावशींच्या किंवा बदलीवर आलेल्या ताईंच्या हातात असणार.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. जन्मजात हृदयदोष असलेली मुलं आमच्या वस्तीतून त्यांच्यामुळंच ऑपरेशनपर्यंत पोचली. सुरुवातीच्या तीस आजारांच्या यादीत दमा होता, झटके होते. लहान मुलांचा मधुमेह नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया आले, मधुमेह आणि दमा नाही आले. 2023 च्या नोव्हेंबरात दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीचा प्रोटोकॉल निघाला, तो या मुलांना लागू की नाही कुणी सांगेना. सीबीएसईनं 2017 मध्ये मधुमेही मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची परवानगी दिली. फार चांगलं केलं. पण दहावीचा मुलगा आपलं आपण सांगू शकतो. चिमी कॉलर चावायची.

माझ्या मैत्रिणी विचारायच्या, तू हे अंगावर का घेतेस? काही झालं म्हणजे? हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. आम्हाला पगार नाही, मानधन मिळतं. मूल दगावलं तर वस्ती आमच्या दारात येणार, पाठीशी कुणी उभं राहील याची लेखी हमी नाही. म्हणून मी कधीच असं म्हटलं नाही की सेविकेनं सुई टोचावी. कुणी तसा आदेश काढला तर मी विरोधात बोलेन. पण साखरपाणी पाजायला, कुशीवर करायला, झाडू लवकर मारायला आणि एका बाटलीवर चिठ्ठी चिकटवायला आदेश लागत नाही. माझ्याकडं प्रत्येक मुलाचा एक कागद असायचा. त्यावर आजार, रोजचं औषध, या मुलाची खूण काय, आधी काय करायचं, कुणाला फोन. डॉक्टरांकडून आईनं भरून आणायचा, खाली आईची सही. त्या कागदानं मूल वाचतं तसं आम्हीही वाचतो. कागद खिडकीच्या आतल्या बाजूला. भिंतीवर नाही, भिंतीवरचं सगळी वस्ती वाचते आणि आईनं भरवशानं सांगितलेलं चव्हाट्यावर येतं.

चिमी आता मोठ्या शाळेत आहे, स्वतःचं बोट स्वतः टोचते. आई सांगते, पोरगी गणितात बरी आहे, आकड्यांत वाढली ना.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी बालवाडी चालवत असेल, नर्सरी चालवत असेल, नाहीतर नातवाला यंदा जूनमध्ये कुठं घालणार असेल, त्यांना एकच सांगायचं आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा: मुलाला रोजचं औषध चालू आहे का, आणि त्याला त्रास होतो तेव्हा तो कसा दिसतो? उत्तर काहीही आलं तरी प्रवेश नाकारायचा नाही, हे त्याच ओळीखाली छापा, नाहीतर कुणीही खरं लिहिणार नाही. आणि ते उत्तर ऑफिसच्या फाइलमध्ये लावायच्या आधी मावशींना वाचून दाखवा.